अक्षता हातात असताना

तारखा आधी लिहितो. सनावळी माझ्या फायलीत आहे, मागेल त्याला दाखवीन. येथे ओळख पटण्यापुरतेच.

गेल्या वर्षी शाळा उघडली तो जुलैचा सोमवार. त्या दिवशी माझ्या नातीच्या शाळेतील पुस्तकांच्या काचेच्या कपाटाला कुलूप होते. ते आजही आहे. जबाबदार : शाळेचे व्यवस्थापक, आणि किल्ली ज्यांच्या टेबलाच्या खणात असते ते मुख्य कारकून, म्हणजे बडे बाबू.

दिवाळीच्या सुट्टीआधीची वाचनपरीक्षा. एकेका मुलाला उभे करून, घड्याळ लावून, मिनिटभर वाचायला लावले व शब्द मोजले. जबाबदार : वर्गशिक्षिका, आणि तिच्या हातात घड्याळ देणारे सर्व.

मार्गशीर्षातला तो दिवस, जेव्हा माझे तिसरे रजिस्टर पत्र शाळेने घेतले, पोचपावतीवर शिक्का मारला आणि उत्तर दिले नाही. जबाबदार : पुन्हा व्यवस्थापक.

आणि त्याच वर्षीच्या श्रावणातला तिसरा शुक्रवार. क्रमाने ही तारीख दुसरी येते. मी ती शेवटी लिहितो, कारण मला ती शेवटी दिसली. जबाबदार : मी.

दावा एका ओळीचा आहे. नऊ वर्षांची मुलगी, जिला वाचता येत होते आणि वाचायला आवडत होते, ती वाचता येत असूनही वाचेनाशी झाली.

मी जिल्हा न्यायालयात पेशकार होतो. न्यायाधीशांच्या शेजारी बसून फिर्यादी, जबाब, हुकूम मोठ्याने वाचून दाखवणे हे माझे काम. माझ्या वाचनात एक अक्षर इकडचे तिकडे होत नसे. झाले असते तर कोणाची तरी जमीन गेली असती. या सवयीचा मला अभिमान होता. निवृत्त झाल्यावर ती सवय घरी आली आणि तिला करायला दुसरे काहीच नव्हते. मी पत्रे लिहू लागलो : नगरपालिकेला, वीजमंडळाला, सीपरी बाज़ारच्या चौकात गाड्या आडव्या लावू देणाऱ्या वाहतूक विभागाला. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास नातीचे वाचन घेऊ लागलो.

नात घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. बुंदेलखंडातल्या आमच्या या गावातल्या मराठी घरांमधून आता बहुतेक मुलांचे असेच आहे. लिपी एकच, त्यामुळे अक्षरांची अडचण कधीच नव्हती. काना, मात्रा, जोडाक्षरे, सगळे दुसरीतच पक्के झाले होते. तिला गोडी होती ती एका वहीची.

त्या वहीविषयी सांगितले पाहिजे. श्रावणात दर शुक्रवारी जिवतीची पूजा होते. लेकराबाळांना औक्षण करतात, फुटाणे नि गूळ वाटतात. खंडेराव गेटजवळच्या आमच्या समाजाच्या सभागृहात त्या दिवशी बायका जमतात आणि कहाणी वाचली जाते. ही कहाणी छापलेली नाही. इथल्याच कोण्या बाईने कधीकाळी रचलेली, बेतवा नदीच्या काठची. वही जीर्ण झाली की कोणीतरी बसून नवी उतरवून काढते. शेवटची प्रत माझ्या पत्नीने उतरवली होती, जाण्याच्या आदल्या वर्षी. नातीला ते अक्षर ओळखू येई. वहीवरून बोट फिरवत ती म्हणायची, "ये आजी का श्री है. आजी का श्री ऐसे मुड़ता है."

कहाणीचा एक नियम आहे. सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बाई उजव्या मुठीत अक्षता घेते. अक्षता हातात असेपर्यंत बोलायचे नाही, उठायचे नाही, वाचणाऱ्याला अडवायचे नाही. कहाणी संपली की त्या जिवतीला वाहायच्या आणि मगच तोंड उघडायचे. पुरुष अक्षता घेत नाहीत. ते मागे खुर्च्यांवर बसून प्रसादाची वाट बघतात.

गेल्या श्रावणात तिसऱ्या शुक्रवारी माझी नात पहिल्यांदा कहाणी वाचायला बसली. तिनेच मागून घेतले होते. परकर-पोलके घातले होते, वही पाटावर ठेवली होती. मी मागे खुर्चीवर.

दुसऱ्याच पानावर तिची ओळ सुटली. मी म्हणालो, "ओळ सुटली. वरून घे."

तिने वरून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो, "सावकाश. पूर्णविराम दिसत नाही का?"

आवाज लहान झाला. एका शब्दाशी अडली आणि अंदाजाने काहीतरी म्हणून पुढे गेली. तेव्हा मी, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असे, म्हणालो, "जे लिहिलंय ते वाच. मनाचं घालू नकोस."

पुढच्या रांगेतल्या एका वयोवृद्ध काकूंनी वळून माझ्याकडे बघितले. त्यांची मूठ मिटलेली होती, म्हणून त्या काही बोलू शकल्या नाहीत. माझ्या हातात अक्षता नव्हत्या, म्हणून मी बोलू शकलो. नियम अक्षता घेणाऱ्याला लागू, मला नाही, असा मी अर्थ काढला होता. कायद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला पळवाट चटकन सापडते.

तिने उरलेली कहाणी विलक्षण वेगाने वाचली. न थांबता, न श्वास घेता. वही मिटली. अक्षता वाहून झाल्यावर काकू माझ्यापाशी आल्या.

"पेशकारसाहेब, पोर कहाणी वाचत होती. तुम्ही तिची उलटतपासणी कशाला घेत होतात?"

"चूक दुरुस्त करू नये काय?"

"करा ना. पण आम्हाला कहाणीतल्या म्हातारीचं आणि बाळाचं काय झालं ते ऐकायचं होतं. ते राहिलंच!"

घरी जाताना ई-रिक्षात नात माझ्या आणि तिच्या आईच्या मध्ये बसली होती. फुटाण्यांची पुडी तिने उघडलीसुद्धा नव्हती. मला वाटले, दमली असेल.

त्यानंतरची वस्तुस्थिती अशी. संध्याकाळच्या अर्ध्या तासात ती सुसाट वाचू लागली. चुका जवळजवळ संपल्या. मी समाधानी होतो. परीक्षेत मिनिटभरात तिने वर्गात सगळ्यांहून जास्त शब्द वाचले. पण त्याच उताऱ्यावरचे प्रश्न तिने कोरे सोडले. प्रगतिपत्रकावर एकाखाली एक दोन शेरे आले : वाचन उत्तम, आकलन शून्य. मी शाळेला पहिले पत्र लिहिले. मग दुसरे, मग तिसरे. शिकवण्यातील हलगर्जीपणा, कुलूपबंद कपाट, घड्याळ लावून वाचन घेण्याचा मूर्खपणा, सगळे मुद्देसूद. त्यातला एकही मुद्दा मी आजही मागे घेत नाही.

उत्तर न आल्याने थंडीत मी स्वतः गेलो. वर्गशिक्षिका तरुण होत्या. एका बाकावर तीन-तीन मुले, टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग, नाकाला सर्दी. त्यांनी मला मुलांच्या बाकावर बसवले. गुडघे वर आले.

"अंकल जी, आपकी पोती पढ़ने में तो सबसे तेज़ है."

"और अर्थ?"

"वही तो. पूछो क्या पढ़ा, तो पंखा देखने लगती है."

"तो पढ़ाइए. आपका काम है."

"अक्षर पढ़ा दूँगी, मात्रा पढ़ा दूँगी. मन कहाँ से लाऊँ?" त्यांनी नाक पुसले. "घर में किसको पढ़कर सुनाती है?"

"मुझे. रोज़ आधा घंटा."

"और आप क्या करते हैं?"

"सुधारता हूँ."

त्यांनी पेनाला टोपण लावले. "अच्छा," एवढेच म्हणाल्या.

त्या 'अच्छा'वर मी घरी येऊन चौथे पत्र लिहायला घेतले. ते पुरे झाले नाही. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा 'जबाबदार :' या शब्दाशी थांबलो. वयाचा थकवा असेल असे समजून फाईल बांधून ठेवली. त्यानंतर संध्याकाळी नातीला बोलावणे मी बंद केले. तिने का म्हणून विचारले नाही. हे मला सगळ्यात जास्त लागले.

माझी सून बुंदेलखंडी घरातली. मुलगा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस बाहेर, म्हणून घर तिच्यावरच आहे. मराठी तिला ऐकून कळते, बोलताना ती लाजते. आमचा श्रावण इथल्या सावनाच्या पंधरा दिवस मागून येतो, आणि ती दोन्ही पाळते. सावनाचे सोमवार माहेरचे, श्रावणातले शुक्रवार सासरचे. "दोनों तरफ़ के भगवान मिलकर मुझे डेढ़ महीना भूखा रखते हैं," असे ती दरवर्षी म्हणते.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "बाबूजी, इस बार घर पर भी जिवती की पूजा करूँगी. अम्माजी थीं तो वो कर लेती थीं. मुझे कहानी सीखनी है."

"मी वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"नहीं नहीं, आप रहने दीजिए." पदर तोंडाला लावून ती हसली. "आप पढ़ते हैं तो लगता है किसी को सज़ा होने वाली है."

तिने काकूंकडून वही आणवली आणि दुपारी स्वयंपाकघरात, भाजी निवडायच्या वेळी, स्वतःच वाचायला बसली. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन. मधला दरवाजा उघडा होता. ती अक्षर अक्षर जोडत होती, भलत्याच ठिकाणी थांबत होती. माझी बोटे खुर्चीच्या दांड्यावर आपोआप घट्ट झाली. नात जवळच भिंतीला टेकून बसली होती, काही न करता.

"एका... गावात... एक... बाई... हो... ती? आगे क्या है, बेटा? मुझसे नहीं हो रहा."

"मुझे नहीं पढ़ना."

"मत पढ़. पर इतना बता दे, ये औरत बच्चे को नदी किनारे छोड़कर कहाँ गई? मेरी तो जान अटकी है."

भेंडी चिरल्याचा आवाज आला. मग वही सरकल्याचा. नातीने तीन ओळी मनातल्या मनात वाचल्या असाव्यात, कारण ती आपल्या शब्दांत म्हणाली, "पानी लेने गई. नदी बढ़ गई, लौट नहीं पाई."

"हाय राम. फिर?"

"रुको ना, पढ़ तो रही हूँ."

गेल्या श्रावणापासून ते वाक्य मी ऐकले नव्हते. मी वर्तमानपत्राचे पान उलटले नाही, आवाज होईल म्हणून.

पुढे रोज दुपारी असे चालले. कधी एक पान, कधी चार ओळी. चुका दोघींच्याही होत. एखादा शब्द अडला की त्या त्याला वळसा घालून पुढे जात, आणि पुढच्या ओळीने उलगडा झाला की आनंदाने मागे येत. सून खरोखरच ऐकत असे. तिला ती कहाणी ठाऊक नव्हती, हेच तिचे भांडवल होते. माझ्यासमोर वाचताना मुलीला हे माहीत असायचे की आबांना सगळे आधीच ठाऊक आहे; आबा फक्त ती कुठे पडते ते बघत आहेत. दिवाळीआधी ती इतकी सुसाट का वाचत होती ते मला अशाच एका दुपारी कळले. ती पळत होती, आणि मागे मी होतो.

एके दिवशी सुनेचा आवाज आला. "इस पन्ने पर ये लाल-लाल किसने किया?"

"आबांनी. आजी ज़िंदा थी तब."

"अम्माजी की लिखाई में भी?"

मी ते विसरून गेलो होतो. वही घरी उतरवली जात असताना मी लाल पेन्सिलीने तपासली होती. पत्नी पान उलटून पुढे लिहू लागली होती.

आणखी काही दिवसांनी नात दरवाज्यात येऊन उभी राहिली. चौकटीच्या आत नाही, बाहेरही नाही.

"आबा, घंगाळ म्हणजे काय?"

मराठीत विचारले. कहाणीतली म्हातारी बाळाला घंगाळात न्हाऊ घालते, तिथे त्या अडल्या होत्या. माझ्या तोंडात व्याख्या तयार होती, उपयोगासहित. मी ती गिळली. "चल," म्हणालो. गुडघ्यांचा विरोध असताना जिना चढलो आणि गच्चीवर तिला घंगाळ दाखवले : तांब्याचे, दोन्ही बाजूंना कड्या असलेले, आता त्यात तिची आई कोथिंबीर लावते.

तिने कोथिंबिरीकडे बघितले. "इसमें बच्चा आ जाएगा?"

"तुझा बाप यायचा."

ती हसली आणि जिन्यावरून ओरडतच खाली गेली, "मम्मी! वो धनिया वाला!"

यंदाच्या श्रावणात दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी तिने जाहीर केले की ती सभागृहात कहाणी वाचणार. अट एकच. "आबा भी अक्षता लेंगे. मुट्ठी में. पूरे टाइम."

"पुरुष घेत नाहीत," मी म्हणालो.

"तो फिर आबा घर पर बैठें."

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः खुर्च्यांपर्यंत येऊन माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या आणि माझी बोटे आपल्या हाताने मिटली. "घट्ट हो, पेशकारसाहेब," म्हणाल्या. पुढच्या रांगेत हशा पिकला.

ती वाचू लागली. आवाज गेल्या वर्षापेक्षा हळू होता. घाई नव्हती. बाई बाळाला काठावर ठेवते, पाणी चढते, म्हातारी काठी टेकत येते. इथे तिची एक ओळ सुटली. म्हातारी बाळाला उचलून पदरात घेते, नेमकी ती ओळ. ती थेट पुढच्या ओळीवर गेली, "आणि त्याला घंगाळात न्हाऊ घातले."

मला ती ओळ पाठ आहे. माझ्या मुठीतले तांदूळ तळव्यात रुतले. मी गप्प राहिलो. सभागृहातल्या सगळ्या मुठी गप्प राहिल्या.

ती आणखी चार शब्द वाचून थांबली. कपाळाला आठी पडली. काठावरचे बाळ घंगाळात आले कसे? कोणी सांगितले नाही. कोणाकडे तिने बघितलेही नाही. बोट वर नेले, सुटलेली ओळ शोधली, "अरे," असे स्वतःशीच म्हणाली आणि मागून वाचले. म्हातारीने बाळाला उचलले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने सुस्कारा सोडला.

मिनिटाला किती शब्द झाले असतील? फारच थोडे. शाळेच्या घड्याळाप्रमाणे ती नापास झाली असती.

कहाणी संपली, अक्षता वाहिल्या, तोंडे उघडली. मी उभा राहिलो आणि सर्वांसमोर सांगितले की गेल्या वर्षी याच जागी मी या मुलीला तीनदा अडवले, ते माझे चुकले, आणि त्यानंतर तिने वाचणे सोडले त्याचा मोठा हिस्सा माझ्याकडे येतो. वाक्य तयार करून नेले होते, तरी मध्ये अडखळलो. कोणी सुधारले नाही.

काकू म्हणाल्या, "झालं ना? बसा आता, फुटाणे घ्या."

हा माझा जबाब. तो मी दिला आहे, तोंडी, साक्षीदारांसमक्ष, आणि आता लेखी. यामुळे इतर प्रतिवादी सुटत नाहीत. उलट आता त्यांना मुदत नाही.

कारण त्या शुक्रवारी परतताना, लक्ष्मी ताल तळ्याच्या बाजूने ई-रिक्षा वळत असताना, फुटाणे खात नातीने मला विचारले, "आबा, शाळेत ते काचेचं कपाट आहे ना, त्यातलं पुस्तक कोण देतं?"

"तुला कोणतं हवंय?"

"नीलं वालं. उस पर ऊँट है. बाहर से नाम पढ़ लिया है मैंने. अंदर का नहीं मालूम."

सोमवारी तिने बडे बाबूंना स्वतः विचारले. ते म्हणाले, किताबें ख़राब हो जाती हैं. घरी येऊन तिने हे मला जसेच्या तसे सांगितले, आणि त्या दिवशी दुपारी वही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी उघडली. पण मला त्या एका दुपारची भीती वाटली. मुलीचे मन मोडायला एक माणूस आणि तीन वाक्ये पुरतात, हे मी प्रतिज्ञेवर सांगू शकतो.

मी आता थकलो आहे. टपाल कार्यालयातली रांग सोसत नाही, आणि पोचपावत्यांनी फाईल भरली तरी कपाट उघडत नाही हे मला पटले आहे. म्हणून त्या अपुऱ्या चौथ्यानंतरचे हे पाचवे पत्र मी रजिस्टरने पाठवत नाही. येत्या शनिवारी पालकांची सभा आहे. मी तेथे उभा राहून ते वाचणार आहे, सावकाश, प्रत्येक पूर्णविरामावर थांबून. आणि शाळेच्या व्यवस्थापकांनी, पत्राने नव्हे, बडे बाबूंच्या मार्फत नव्हे, स्वतः, सर्व पालकांसमोर आणि पहिल्या बाकावर बसलेल्या माझ्या नातीकडे बघून, एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे अशी माझी मागणी आहे : त्या कपाटातले उंटाचे निळे पुस्तक तिला कोण देणार, आणि कोणत्या दिवशी?